दारातला बेड

"ताई, या घराले समोरचं दार ठेवलंच नाही का वो?" वास्तुशांतीच्या पंगतीत रागिणीनं विचारलं आणि तोंडातली जिलबी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून ती इतकं निर्मळ हसली, की तिच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही. आशाबाईंनी तिच्या ताटात आणखी एक जिलबी टाकली. जिलबी वाढण्याचे अर्थ पुष्कळ असतात; धाकट्या जावेनं नको म्हणून हात आडवा धरलेला असताना त्या हाताच्या फटीतून वाढलेल्या जिलबीचा अर्थ एकच. पण प्रश्न खोटा नव्हता, हीच खरी अडचण. अमरावतीला कठोरा रोडवरच्या नव्या लेआउटमधल्या त्या घराला समोरचं दार होतं. सागवानी होतं, दोन फळ्यांचं, पितळी कड्यांचं, वर गणपती कोरलेलं. फक्त ते समोर नव्हतं. रस्ता पश्चिमेला, फाटक पश्चिमेला, आणि दार मात्र घराला वळसा घालून पूर्वेला. आशाबाईंच्या यजमानांनी, खुशालरावांनी, पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्यांना वळणं दिली. निवृत्त झाल्यावर उरलेलं एक त्यांनी घराला देऊन टाकलं. आर्किटेक्ट म्हणाला होता, "काका, रस्ता इकडं आहे." त्यावर खुशालराव म्हणाले, "रस्ता महापालिकेचा, सूर्य देवाचा. दार कोनाच्या तोंडावर करू, सांगा?" असल्या वाक्याला उत्तर नसतं, असतं ते फक्त त्याच्याबरोबर जन्म काढणाऱ्या बाईकडे, आणि तिला कुणी विचारत नाही. तर फाटकातून आत आलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसायचं ते स्वयंपाकघराचं जाळीचं दार, त्याच्या अलीकडे दोरीवरचं धुणं, आणि पलीकडे रिकामं सिलिंडर. वास्तुशांतीला भटजी त्या दारानं आले. आहेर त्या दारानं आले. धाकटे दीर उत्तमराव अकोल्याहून भिंतीवरचं मोठं घड्याळ छातीशी धरून त्याच दारानं, आडवे होत, आत शिरले. पूर्वेच्या दाराला बांधलेलं आंब्याचं तोरण संध्याकाळपर्यंत कुणाच्याही डोक्याला न लागता सुकून गेलं.

माणसांचा जमाखर्च आशाबाईंच्या डोक्यात आपोआप मांडला जायचा. त्यासाठी त्यांना काही करावं लागत नसे. एखाद्याला जशी शिंक येते तसा त्यांना हिशेब यायचा. 'घर हवेशीर आहे' असं म्हणणाऱ्याला दुसरं काही सापडलेलं नसतं. 'आम्हीही असंच बांधणार होतो' म्हणणारा जाताना पायऱ्या मोजून जातो. जो काहीच बोलत नाही आणि भिंतीवरून हळूच हात फिरवतो, त्याला घर खरंच आवडलेलं असतं, पण असले लोक पंगतीला उशिरा येतात आणि लवकर उठतात. या सगळ्या खात्यांमध्ये रागिणीचं खातं सगळ्यांत जुनं, सगळ्यांत जाड. तिनं दिलेली साडी आशाबाईंना शोभणाऱ्या रंगापेक्षा नेहमी एक छटा फिकी निघायची. तिची स्तुती नेहमी 'तरी' वर येऊन थांबायची: तुमच्या वयात तरी, अमरावतीच्या मानानं तरी. जणू अकोला म्हणजे कुठलं काश्मीर. मे महिन्यात तिथं डांबर चपलेला चिकटून घरात येतं. त्या खात्याला जमेची बाजूही होती, नव्हती असं नाही. पण ते पान आशाबाई सहसा उलटत नसत. धाकट्या जावेचे उपकार आठवायला लागले की मोठ्या जावेचं मोठेपण कुठून आणायचं?

तरीही जिलबीच्या दिवशी जे लागलं ते रागिणीचं नव्हतं, हे त्यांना रात्री पडल्या पडल्या कळत होतं. प्रश्न ऐकला तेव्हा नाकात एकदम ओल्या राखेचा वास आला होता. अकोल्याच्या परसांचा. मोर्णा नदीच्या काठाला त्यांच्या आईची, गोदाबाईंची, फुलांची बागायत होती. शेवंती, झेंडू, गुलछडी, कडेला मोगऱ्याची ओळ. उजाडायच्या आत तोडणी, मग पळसाच्या पानात फुलपुडे, आणि मग परकर खोचून छोटी आशा टोपली घेऊन घरोघर. अकोला शहर त्यांना ठाऊक होतं ते पाठीमागून. कुणाच्या परसात नळ टपकतो, कुणाकडे राखेचा ढीग ओला असतो, कोणती मोलकरीण गूळ लावलेली भाकर हातावर ठेवते, कोणत्या घरचं कुत्रं नुसतंच भुंकतं. घरांचे चेहरे त्यांना माहीतच नव्हते. एका डॉक्टरांच्या घराचा मात्र होता. त्या घराच्या पुढच्या कमानीवर मधुमालती चढलेली, खाली लाल पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना फुलांचे असे वाफे, की पोरगी एक दिवस फाटकातून सरळ त्यांच्याकडेच चालत गेली. तिला आत जायचं नव्हतं, पाय गेले. झोपाळ्यावरची बाई रागावली नाही, उठलीही नाही, विडा लावता लावता नुसती म्हणाली, "मांगून ये वो, पोरी." बस, एवढंच. वळून, घराला वळसा घालून, आशा मागून गेली. पुडा दिला, पाण्यानं भिजलेले पाय घेऊन पुढच्या घरी. घरी आल्यावर आईला सांगितलं तेव्हा गोदाबाई दोऱ्याला गाठ मारत म्हणाल्या, "आपली फुलं तं जातात नं देवापाशी? आपन नाही गेलो तं काय झालं?" तेव्हा खरंच काही झालं नव्हतं. त्या वयात अपमानाला नाव नसतं, फक्त वास असतो. पण पुढे लग्न झालं, सरकारी क्वार्टरं झाली, ज्यांना मागचं-पुढचं काही नव्हतंच, एकच दार आणि एकच खिडकी. आणि आयुष्यभर एक गोष्ट आशाबाईंनी कुणाला न सांगता धरून ठेवली, की आपलं घर होईल तेव्हा त्याला तोंड असेल, आणि माणसं त्या तोंडाकडून येतील. आता घर झालं होतं. तोंडही होतं. माणसं मात्र पाठीवर थाप मारून आत शिरत होती.

तेव्हा पावसाळ्यात त्यांनी पूर्वेच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना झेंडू लावला. गणपतीपर्यंत तो असा फुलला, की खुशालराव खुर्ची घेऊन तिथं पेपर वाचायला बसू लागले आणि एकदा तर म्हणाले, "पाह्य, सूर्य बी खुश आहे." सूर्य खूश होता, पाहुणे धुण्याखालून वाकूनच येत होते. जे दिसतच नाही त्याला सजवून काय मिळणार होतं? बहिऱ्याच्या लग्नातला सनई-चौघडा. पूर्वेचं दार जगात एकाच माणसाला सापडलं, ते म्हणजे मागच्या प्लॉटमधल्या इंदूबाईंना. त्या पहाटे फिरायला निघायच्या आणि टोकाला तार वाकवलेली काठी कंपाउंडवरून आत घालून झेंडू ओढायच्या. एकदा आशाबाईंनी त्यांना काठीसकट धरलं. इंदूबाई जराही ओशाळल्या नाहीत. "अवो, देवालेच तं वाह्यतो! आनि तुमी पूर्वेले दार काढलं ते लय चांगलं केलं. नाही तं इतक्या दूर माया हात पोचला नसता." आशाबाईंनी त्यांना आणखी चार फुलं स्वतःच्या हातानं तोडून दिली. पहिल्यांदा कुणीतरी त्या दाराचं कौतुक केलं होतं. चोर असली म्हणून काय झालं?

दिवाळीनंतर आकांक्षा आली. पुण्याहून बागरचनेचं शिकून आलेली, स्कूटरवर फिरणारी, नर्सरीवाल्याची भाची. वाक्यात तीनदा 'काकू' म्हणायची. तिनं फाटकापासून घर पाहिलं, डोकं तिरपं केलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "काकू, आपण एक छान वेलकम बेड करू, फुलांचा. सकाळचं ऊन मिळेल असा. फक्त पाणी जपून हं काकू, काळी माती आहे, जास्त झालं तर मुळापासून जातं." नक्की कुठं करायचा ते तिलाही उमगत नव्हतं, पण सुरुवात म्हणून फाटक आणि घर यांच्या मधली सगळी जागा खणून, शेणखत घालून, पाणी सोडून ठेवायची असं ठरलं. त्या संध्याकाळी उत्तमरावांचा अकोल्याहून फोन आला. खुशालराव फोनवर बोलतात ते कालव्याच्या दारासारखं. एकदम उघडतात, एकदम बंद करतात, मधलं काय वाहून गेलं याची चौकशी करत नाहीत. स्वयंपाकघरातून आशाबाईंना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं आणि त्यात काही चुकतं आहे असं तेव्हा त्यांनाही वाटलं नाही. "वहिनीचं काय विचारतं तू? तिच्यासाठी दारात बेड टाकून राहिलो... हो, दारातच. एक पोरगी येऊन पाहून गेली. सकाळचं ऊन लागते म्हने. पानी जपून द्या म्हने, जास्त झालं तं हातचं जाईन... आता पाहू, संक्रांतीपर्यंत काय होते ते." मग बॅटरी संपली, आणि खुशालराव समाधानानं जेवायला बसले.

सकाळी आशाबाई घराच्या बाजूला नळाची नळी गुंडाळत होत्या तेव्हा फाटकाशी गाडी करकचून थांबली आणि रागिणीचा आवाज आला. आवाज तिचाच होता, पण तो हुशार, पॉलिश केलेला आवाज नव्हता. उपाशी वासरासारखा हंबरडा होता. "ताई! ताई वो!" त्या कोपऱ्यावरून पुढे आल्या तोवर रागिणी फाटकातून आत शिरून, खणलेल्या ओल्या मातीतून, चपला रुततील तशा उपटत, स्वयंपाकघराच्या दाराकडे अर्ध्या वाटेत पोचलीही होती. एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या. केस विंचरलेले नव्हते. आशाबाईंची नजर पहिल्यांदा तिथंच गेली आणि तिथंच राहिली. ही बाई तोंडाला पावडर लावल्याशिवाय घंटागाडीला कचरा देत नाही; ती विस्कटल्या केसांनी नव्वदेक किलोमीटर आली होती.

"रागिणी, अगं काहून ओरडून राहिली?"

रागिणी गर्रकन वळली. आशाबाईंच्या हातातली नळी, खोचलेला पदर, गुडघ्यापर्यंत चिखल हे सगळं तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू आशाबाईंची बेरीज चुकली आहे आणि ती पुन्हा करायला हवी.

"तुमी उठल्या कशा? बेड कुठं आहे?"

"हा काय. तू त्याच्यातच तं उभी आहे."

रागिणीनं खाली पाहिलं. मागून उत्तमराव हातात डॉक्टरांची चिठ्ठी असल्यासारखी गाडीची चावी धरून आले आणि त्यांनीही खाली पाहिलं. मग रागिणी स्वयंपाकघराच्या पायरीवर मटकन बसली आणि हसली का रडली ते तिचं तिलाही ठरवता येईना. "फुलाचा बेड! मेलं ते फूल! अवो, आमाले वाटलं तुमाले झटका-बिटका आला. मी गाडीत गजानन महाराजाले नारळ बोलली! भाऊजीचा फोन बंद, तुमचा लागत नाही..." मग आवाज ऐकून बाहेर आलेल्या खुशालरावांकडे वळून, "भाऊजी, तुमच्यासारख्या मानसाले फोन देऊच नये. तुमाले पोस्टकार्डच बरं." खुशालराव म्हणाले, "मी तं बरोबरच सांगत होतो बा. बेड म्हनजे बेड." उत्तमराव म्हणाले, "घ्या आता, शहाळं तरी प्या." आणि सगळ्यांनी चिखलाच्या पायांनी, जाळीच्या दारात, शहाळी फोडून प्यायली.

जेवून ते गेले आणि घर गप्प झालं तेव्हा आशाबाईंना स्वस्थ बसवेना. ते विस्कटलेले केस कुठल्या बाजूला मांडायचे? ती रडत आली होती. नाटक नव्हतं, कारण नाटकासाठी रागिणी नटून आली असती. मग जन्मभराच्या फिक्या छटा आणि 'तरी' यांचं काय करायचं? एखादं माणूस नुसतं वाईट असतं तर बरं, त्याचं खातं सरळ असतं. आनंद झाला होता हे खरं, पण त्या आनंदात काहीतरी चोरीला गेल्यासारखंही वाटत होतं. ज्या काट्यावर आपण जन्मभर बोट फिरवत आलो तो काढून कुणी तळहातावर ठेवावा तसं. उन्हं उतरताना त्या बाहेर आल्या. काळी माती दिवसभरात वरून सुकत आली होती आणि तिच्यात रागिणीची पावलं, चपलेची टाच आणि चवडा वेगवेगळा दिसावा इतकी, उमटून राहिली होती. आशाबाई नुसत्या बघत राहिल्या. फाटकापासून पावलं झपाझप, लांब लांब, तिरपी आली होती. मग जिथं पोर्चची भिंत संपते तिथं ती एकमेकांत गुंतली होती. एक पाऊल डावीकडे, घराला वळसा घालणाऱ्या बाजूला वळलेलं, खोल. पूर्वेकडे. त्या दाराकडे! रागिणीला ते दार आठवलं होतं. आजारी माणूस दारात झोपवलाय म्हटल्यावर ती मोठ्या दाराकडेच निघाली होती. मग शेजारी एक अर्धवट पाऊल, जागच्या जागी फिरलेलं. आणि मग सगळी पावलं उजवीकडे, उघड्या जाळीच्या दाराकडे. त्या एका जागेवर माती विचारात पडल्यासारखी तुडवली गेली होती.

आकांक्षा आली, तिनं दंताळं उचललं आणि म्हणाली, "काकू, कोण चाललं यातून? सपाट करून घेऊ."

"हात नको लावू," आशाबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका जोरात निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "इथं पाह्य. इथं ते थांबली. इथं तिले समजलं नाही का कुठून जावं. आपन येड्यावानी तिकडं पायरीपाशी झेंडू लावत बसलो. पायरीपाशी पोचला त्याले काय या म्हनायचं? तो तं आलाच. इथं म्हनलं पाह्यजे, जिथं पाय अडखळते."

आकांक्षा खाली बसली, मान तिरपी केली, आणि खिशातून मोबाइल काढून तिनं त्या गुंतलेल्या पावलांचे चारी बाजूंनी फोटो घेतले. "काकू," ती म्हणाली, "चुना आहे का घरात?" मग दोघींनी मिळून त्या तुडवलेल्या जागेवर चुन्यानं एक फुगीर पोट आखलं. वाफ्याचं पोट जाळीच्या दाराच्या बाजूला भरदार, म्हणजे तिकडची वाट मुकाट्यानं बुजेल. आणि त्याची कड, पोटावरून हात फिरवावा तशी, वळत वळत पूर्वेच्या पायरीला जाऊन टेकणारी. फुलं कशी लावायची ते आशाबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. ते बोटांत होतं. हार ओवताना वरती, मानेपाशी, लहान आणि फिकी फुलं; डोळा तिथं रेंगाळू नये म्हणून. मग हळूहळू भरत, गडद होत, खाली गोंड्यापाशी सगळ्यांत दाट रंग. पाहणाऱ्याची नजर आपोआप घसरत देवाच्या पायाशी आली पाहिजे. दार म्हणजे गोंडा. फाटकाशी पांढरी शेवंती, वळणावर पिवळी, पुढे नारिंगी झेंडू, आणि पायऱ्यांना लागून ती काळसर लाल मखमल, जिच्यासाठी गोदाबाई सणाच्या दिवशी गिऱ्हाइकाशी भांडायच्या. पोटाच्या मागे उंच झेंडूची भिंत. खुशालराव दोन दिवस लांबून पाहत होते; तिसऱ्या दिवशी आपली लेव्हलची नळी घेऊन मैदानात उतरले. "वळन चांगलं आहे, पन उतार देल्ला नाही तुमी. पानी आनि मानूस सारखंच. बोटभर उतार द्या, आपोआप वळते." त्यांनी वाटेवरचा मुरूम पूर्वेकडे असा ठोकून बसवला, की चालणाऱ्याला कळू नये पण पायाला कळावं. मग कंबरेवर हात ठेवून त्यांना एक शंका आली.

"दूधवाला बी समोरून येईन का मंग?"

"येईन."

"भांड्यावाली?"

"ते बी समोरून येईन. या घरी कोनीच मांगून येनार नाही."

खुशालरावांनी बायकोकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिचं बालपण त्यांना ऐकून माहीत होतं तेवढं माहीत होतं. पण कालव्याच्या माणसाला एक गोष्ट कळते, की पाणी कुठून दाबानं येतंय हे त्याच्या आवाजावरून ओळखावं आणि मध्ये उभं राहू नये. "येऊ द्या मंग," ते म्हणाले. "सूर्य बी तिकडूनच येते."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आशाबाई दुपारपासून पूर्वेच्या दालनात बसल्या होत्या. दार उघडं, तिळाची ताटं मांडलेली, वाणाला कुंड्यांतली मोगऱ्याची रोपं. आणि कान सगळे बाहेर. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. फाटकाशी पाटी लावू या असं खुशालराव म्हणाले होते तर त्यांना झिडकारलं होतं. बाण काढून पाहुण्याला आत आणायचं ते दवाखान्यात. फाटक वाजलं. चपलांचा मुरमावर आवाज. त्या आवाजाबरोबर आशाबाई आतल्या आत चालू लागल्या: शेवंती, शेवंती, आता पोर्चची भिंत, आता ती जागा. आवाज थांबला. माणूस थांबलं की पायातला खडा काढत होतं? मग आवाज पुन्हा सुरू झाला, आणि तो लहान होत गेला नाही. मोठा होत, जवळ येत, पायऱ्यांवर चढला आणि इंदूबाई दारात उभ्या राहिल्या, काठीविना. "अवो, इकडून तं तुमचं घर येगळंच दिसते!" मग लेआउटमधल्या इतर. दोघी, मग एकटी, मग नातीला घेऊन कुणी. एकजात सगळ्या, बोलत, उखाण्यांची थट्टा करत, न विचारता, न चुकता, हारातून दोरा यावा तशा वळणावरून येत होत्या. आणि प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावताना आशाबाईंचं बोट आधीच्यापेक्षा थोडं अधिक ठाम टेकत होतं. आत कुठंतरी एक पोरगी परकर खोचून, भिजल्या पायांनी, हे सगळं मोजायचं विसरून नुसती पाहत होती.

रागिणी शेवटी आली. गाडीचं दार लागलं आणि तिचा आवाज फाटकापासूनच ऐकू यायला लागला. ती फोनवर होती, अकोल्याच्या कुण्या मैत्रिणीशी. "हो वो, पोचली. नाही नाही, आमच्या ताईच्या घराले मांगूनच जा लागते, मोठी गंमत आहे. आता तुले सांगतो, पहिले सिलिंडर येईन, मंग..." आशाबाई उठल्या नाहीत. त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला आणि डोळे मिटले. चपलांचा आवाज बोलण्याच्या लयीत येत होता. बोलणारीचं लक्ष फोनात, आणि पाय मोकळे. शेवंती. भिंत. ती जागा. पाय तिथं क्षणभरही थांबले नाहीत. "...मंग स्वयंपाकखोली, आनि मंग कुठं..." आवाज पायरी चढला. एक. दोन. आणि वाक्य मध्येच गळालं. आशाबाईंनी डोळे उघडले. दारात, पितळी कड्यांच्या मधोमध, जरीच्या साडीतली, केस लखलखीत विंचरलेली रागिणी उभी होती. कानाला फोन, तोंड अर्धं उघडं, आणि मागे, जिच्या कडेकडेनं तिचे पाय आले होते, ती फुलांची सगळी वाट. तिनं वळून पाहिलं. मग आशाबाईंकडे पाहिलं. फोनमधून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं.

"ठेव वं," ती फोनला म्हणाली. "मी समोरून आली."

संध्याकाळ झाली, बायका पांगल्या. रागिणी राहायलाच आली होती; ती पदर खोचून उरलेल्या वड्या डब्यात भरू लागली आणि आशाबाई इंदूबाईंना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. तेवढ्यात वारा सुटला आणि मागे ते जड दार धाडकन लागलं. आतून आपोआप बसणाऱ्या कुलुपाचं दार, किल्ली आत. इंदूबाईंना निरोप देऊन आशाबाई वळल्या आणि सवयीनं, विचारही न करता, जाळीच्या दाराकडे निघाल्या. नडगीला गार ओली फुलं लागली. पुढे वाट नव्हती. पोट भरलेल्या वाफ्यामागे झेंडूची भिंत उभी होती, आणि ती इतकी चांगली वठली होती की साडी वर करून उडी मारली तरी एखादं रोप मोडलंच असतं. कुणीतरी मोठ्या हुशारीनं हे केलंय, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग हसू आलं. आणि मग, ती जागा जिथं पाय अडखळतो तिथं त्या स्वतः उभ्या आहेत हे लक्षात आल्यावर, हसू थांबलं. पाय वळले. पांढरं पिवळ्यात मुरत होतं, पिवळं नारिंगीत; मुरमाचा उतार पायाला कळत होता. घर हळूहळू आपलं तोंड त्यांच्याकडे वळवत होतं. या बाजूनं, बाहेरून, हातात खुरपं नसताना, त्या इथं कधी आल्याच नव्हत्या. शेवटी मखमलीचा दाट अंधारा लाल, पायऱ्या, आणि बंद सागवानी दार. कपाळावरचं हळदीकुंकू सारखं करून, परक्या घरी आल्यासारखा घसा खाकरून, आशाबाईंनी घंटी वाजवली.

आत पावलं वाजली. कुलूप खटकन उघडलं. रागिणीनं दार उघडलं. हाताला तिळाची पूड, ओठांवर चेष्टेचं वाक्य तयार, आलेलंच. ते वाक्य तिनं आशाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून गिळलं. मग ती बाजूला झाली, दाराची दुसरी फळीही उघडली आणि म्हणाली, "या नं, ताई. या. बसा, पानी आनतो."

आशाबाई उंबरा ओलांडून आत आल्या आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर, पाठ टेकवून, पूर्ण बसल्या. रागिणीनं पितळी तांब्या-भांडं आणलं. त्या घोट घोट प्यायल्या, घाई नव्हती.

"गोड आहे," त्या म्हणाल्या आणि रिकामं भांडं पुढे केलं. "आनखी आन."